सिएरा परत आणलीत, आता जुन्या सिएरांकडेही बघा : टाटा मोटर्सला खुलं पत्र

प्रति,
टाटा मोटर्सच्या पॅसेंजर गाड्यांचं डिझाईन, इंजिनिअरिंग आणि स्पेअर पार्ट्स बघणारी सगळी मंडळी,
पिंपरी-चिंचवड

नमस्कार,

आधी अभिनंदन, आणि ते अगदी मनापासून. २५ नोव्हेंबर २०२५ ला तुम्ही नवी सिएरा बाजारात आणलीत, ११ लाख ४९ हजारांपासून पुढे, आणि त्या दिवसापासून आमच्या ओळखीतल्या गाडीवेड्या लोकांमध्ये दुसरा विषयच नाहीये. लग्नात भेटले तरी तेच, गॅरेजात भेटले तरी तेच. कुणी खूश आहे, कुणी चिडलंय, कुणी खूशही आहे आणि चिडलंयही. मी त्या तिसऱ्या गटात मोडतो. मी इंजिनिअर नाही, चिंचवडला वाढलो एवढंच, जिथे सकाळी कंपनीच्या बसेसवरून शिफ्टची वेळ कळायची आणि आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत कुणी ना कुणी टेल्कोत, म्हणजे तेव्हाच्या टाटा मोटर्समध्ये, होतंच. माझ्या मामाकडे टर्बो सिएरा आहे, अजून रस्त्यावर आहे, आणि मला गाडीचं वेड लागलं ते तिच्यामुळे.

मागणं एकच आहे, ते आत्ताच सांगतो म्हणजे पत्र कुठे चाललंय असं वाटायला नको. जुन्या गाडीचं नाव आणि रूप तुम्ही परत वापरताय, तर त्या जुन्या गाड्या ज्यांनी इतकी वर्षं चालत्या ठेवल्या आणि ज्यांनी मुळात ती गाडी घडवली, त्या दोघांसाठी काहीतरी करा. आता हे का म्हणतोय ते सविस्तर.

१९९१ साल आठवा, पहिली सिएरा आली ते. रस्त्यावर काय होतं? पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, मारुती ८००, थोड्या जिप्सी, एखादी कॉन्टेसा. आणि टेल्को म्हणजे ट्रक. लोकांच्या डोक्यात पक्कं होतं की ही ट्रकवाली कंपनी. त्या कंपनीने आपल्या टाटा मोबाईल पिकअपच्या चॅसीवर एक अशी गाडी बसवली जी कुणी मागितलीच नव्हती. दारं फक्त तीन. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून अंग चोरून आत शिरायचं. स्टेपनी मागच्या दाराला बाहेरून लावलेली. पॉवर विंडो, पॉवर स्टीअरिंग, एसी, त्या काळात या गोष्टी भारतात बनलेल्या गाडीत बघायला मिळणं म्हणजे आमच्यासारख्या पोरांनी काचेला नाक लावून बघत उभं राहायचं. इंजिन दोन लिटरचं डिझेल, ६३ हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे एवढ्या जड गाडीला ते पुरत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं, घाटात ती दमायचीच, मग १९९७ ला टर्बो आला तेव्हा कुठे तिच्यात जीव आला. आणि मागच्या बाजूची ती काच. बाजूने वर चढत जाऊन छतात वळलेली, एकसंध, न उघडणारी, प्रचंड मोठी काच.

घरातला हिशोब बघणाऱ्या कुणीही ती गाडी घेतली नसती. तेवढ्याच खर्चात जास्त माणसं, जास्त सामान नेणारी गाडी पाहिजे होती लोकांना, आणि १९९४ ला तुमचीच सुमो आली तेव्हा ते सिद्धही झालं, सुमो गावोगाव पोचली आणि सिएरा मोजक्या लोकांकडेच राहिली. पण आज तीस-पस्तीस वर्षांनी तुम्हाला परत आणावीशी वाटली ती सिएरा. याचा मी खूप विचार केलाय. माझं म्हणणं असंय की सिएरा लोकांच्या लक्षात राहिली ती तिच्यातल्या त्या बेहिशोबीपणामुळे. एका ट्रकवाल्या कंपनीने हौसेने केलेली गाडी होती ती, आणि हौस दिसते, लपत नाही.

म्हणूनच त्या काचेबद्दल बोललंच पाहिजे, कारण नव्या गाडीवरचा निम्मा वाद त्या काचेचा आहे. २०२० च्या ऑटो एक्स्पोत तुम्ही पहिली कन्सेप्ट, म्हणजे नमुन्याची गाडी, ठेवलीत तेव्हा आम्ही सगळे वेडे झालो होतो. २०२३ ला पाच दारांची आली तेव्हा जरा कुजबुज झाली. आणि प्रॉडक्शनची गाडी आली तर बाजूची काच आणि छत यांच्यामध्ये काळा चकचकीत भाग आहे, लांबून बघितलं की एकच काच वळून वर गेल्यासारखी वाटते, जवळ गेलं की कळतं तसं नाहीये. ज्यांनी जुन्या गाडीत मागे बसून डोक्यावरचं आभाळ बघितलंय त्यांना हे लागतं. मला पण लागलं. खोटं कशाला बोलू.

पण मी तुमची बाजूही समजून घेतली आहे आणि चिडलेल्या मित्रांना ती समजावतोही. पाच दारं केली की मागच्या दारासाठी खांब लागतो, म्हणजे ती लांबच लांब काच तिथेच तुटली. बाजूने फुगणाऱ्या पडदा एअरबॅगा छताच्या कडेला बसतात, बरोबर तिथेच, जिथून जुनी काच वळायची. गाडी उलटली तर छत दाबलं जाऊ नये म्हणून तीच कड मजबूत लागते. आणि ऊन. जुन्या गाडीत मागच्या काचा उघडत नव्हत्या, एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की मागच्या माणसांची काय अवस्था व्हायची ते सोलापूर-अकोल्याकडच्या मालकांना विचारा. तर तुम्ही त्या काचेची रेघ ठेवलीत, काच ठेवली नाहीत, आणि आजच्या नियमांत, आजच्या किमतीत मला ती तडजोड पटते. खांब काळे करून ती रेघ सांभाळायचा जो आटापिटा केलाय तो दिसतो. चौकोनी बॉनेट, सरळ उभा पुढचा भाग, चाकांवरच्या त्या कमानी, हे बघून रस्त्यात समोरून आली की ओळखू येते. आमच्या मामाने पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाला, चेहरा आपलाच आहे. एवढं प्रमाणपत्र मला पुरेसं आहे.

जिथे पटत नाही ते पण सांगतो. चाकं. जुनी सिएरा मागच्या चाकांवर चालायची आणि तिच्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, पण मिळायचं, हब हाताने लॉक करायचे वगैरे. नवी लॉन्च झाली ती पुढच्या चाकांवर चालणारी, फोर बाय फोर शिवाय. अगदी हेच सफारीच्या वेळी झालं होतं. १९९८ ची सफारी म्हणजे ट्रकसारखी लॅडर फ्रेम, उंच, रांगडी, सैन्याने २०१७ मध्ये ३,१९२ सफारी स्टॉर्मची ऑर्डर दिली होती ती उगाच नाही. आणि फेब्रुवारी २०२१ ला सफारी नावाने आली ती हॅरिअरची सात सीटवाली बहीण, जी वर्षभर आधी ग्रॅविटास नावाने दाखवली होती. गाडी चांगली आहे, चालवलीये मी, लांबच्या प्रवासाला झकास आहे. पण ती ग्रॅविटासच होती आणि नाव ऐनवेळी चिकटवलं असं जुन्या सफारीवाल्यांना वाटलं, अजून वाटतं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? सिएराच्या बाबतीत निदान तसं नाहीये, ही गाडी पहिल्या कन्सेप्टपासून सिएरा म्हणूनच काढलेली आहे, हे मी तुमच्या बाजूने सगळीकडे सांगत असतो.

शेजारी नाशिकला बघा. महिंद्राने २०२० मध्ये नवी थार काढली तेव्हा आतून बाहेरून सगळी सुधारली, पण फ्रेम त्याच पद्धतीची ठेवली आणि सुरुवातीला प्रत्येक थार फोर बाय फोरच होती, चढ-चिखलात जास्त जोर देणाऱ्या लो रेशोसकट. मागच्या चाकांवरची स्वस्त थार आली ती २०२३ ला. म्हणजे आधी दर्दी लोकांचं समाधान केलं आणि मग बाजाराचं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण आधी दर्दी माणूस घेतो, तोच चार लोकांना सांगतो. सिएराचं फोर बाय फोर कधी आणणार ते आणा, पण आणाच, आणि ते नावापुरतं नको, चिखलातनं गाडी बाहेर काढेल असं असू दे.

हे असं जगभर चाललंय, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. फोक्सवॅगनने १९९८ मध्ये न्यू बीटल आणली, गोल्फवर बेतलेली, इंजिन पुढे, तर जुन्या बीटलवाल्यांनी डोक्याला हात लावला होता कारण त्यांच्या गाडीचं इंजिन मागे असायचं आणि हवेने थंड व्हायचं. मला त्यातली वेगळीच गोष्ट भारी वाटते. मेक्सिकोत पुएब्लाला ज्या कारखान्यात न्यू बीटल बनायची, तिथेच जुनी बीटल पण २००३ पर्यंत बनत होती. नवी आली म्हणून जुनीला कुणी हाकललं नाही. फोर्डने २०२१ ला ब्राँको परत आणली तर दारं काढता येतात, छत काढता येतं, फोर बाय फोर सगळ्यांनाच, १९६६ ची गाडी जे करायची ते नवी पण करते, आणि जुने लोक खूश. त्याच फोर्डने २०२४ ला युरोपात काप्री नाव उचलून एका इलेक्ट्रिक एसयूव्हीला दिलं, तीही फोक्सवॅगनच्या प्लॅटफॉर्मवरची, आणि ज्यांनी तरुणपणी ती सडपातळ दोन दारांची काप्री भिंतीवर लावली होती ते लोक इतके दुखावले की विचारू नका. एकच कंपनी बघा, एकदा जमलं आणि एकदा नाही.

आणि लॅम्बोर्गिनीचं तर वाचून मला वाईट वाटलं होतं. २०२१ मध्ये त्यांनी काऊंटॅक नावाने ११२ गाड्या काढल्या. मूळ काऊंटॅक ज्यांनी डिझाईन केली ते मार्चेलो गांदिनी तेव्हा हयात होते, ऐंशीच्या पुढे वय, आणि त्यांनी जाहीर सांगितलं की या गाडीशी माझा काही संबंध नाही आणि मला ती मान्यही नाही. ज्याच्या हातून ती रेघ निघाली त्यालाच बाजूला ठेवून जयंती साजरी करायची, हे कसं वाटतं?

इथून मी माझ्या मुद्द्यावर येतो. गांदिनींचं नाव निदान जगाला माहीत आहे. मिनी म्हटलं की अ‍ॅलेक इसिगोनिस, फियाट ५०० म्हटलं की दान्ते जाकोसा. रेनो ५ ज्याने रेखाटली तो मिशेल बुए गाडी बाजारात आली त्याच वर्षी, १९७२ ला, तरुण वयात कॅन्सरने गेला, पण आज नवी इलेक्ट्रिक रेनो ५ आली तर त्याची आठवण निघते. आता मला सांगा, १९९१ च्या सिएराची ती काच कुणी काढली? छतात वळवायची ही कल्पना कुणाची? पुण्याच्या ईआरसीत, तुमच्या संशोधन केंद्रात, कुणाच्या टेबलावर ते पहिलं ड्रॉइंग होतं? एवढी मोठी वळलेली काच त्या काळात भारतात बनवून कशी घेतली, किती फुटल्या, पत्र्याची डाय कुणी घासली? तुम्ही म्हणाल एक माणूस नव्हता, टीम होती. असू दे की टीम. टीममधल्या माणसांना नावं नसतात का? ती माणसं आता रिटायर झालीत, कुणी निगडीला आहे, कुणी प्राधिकरणात, सकाळी फिरायला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात. काही जण गेलेही असतील. नव्या गाडीचे डिझायनर कॅमेऱ्यासमोर बसून तासभर बोलतात, छान बोलतात, मी सगळे व्हिडिओ बघितलेत. त्यांच्या शेजारी एक खुर्ची जुन्या टीममधल्या कुणासाठी ठेवा. त्यांना बोलतं करा, रेकॉर्ड करा, जुनी ड्रॉइंग स्कॅन करून लोकांना बघायला ठेवा. याला किती पैसे लागतात? शोरूमच्या एका फीत कापायच्या कार्यक्रमापेक्षा कमीच लागतील. मराठी मुलखात, आपल्या डोळ्यांदेखत, भारतातल्या गाड्यांच्या इतिहासातलं एवढं मोठं पान लिहिलं गेलं आणि ते सांगणारी माणसं एकेक करून कमी होतायत, ही गोष्ट मला झोपू देत नाही.

आता जुन्या गाड्या. सिएराचं उत्पादन थांबून वीसेक वर्षं झाली. या काळात हे नाव कुणी जिवंत ठेवलं? तुमच्या जाहिरातींनी नक्कीच नाही, कारण जाहिराती नव्हत्याच. ते ठेवलं कोल्हापूर, नाशिक, बेळगाव, पणजी, इंदूर, कोची असं कुठे कुठे बसलेल्या मालकांनी, ज्यांनी भंगारवाल्याचे पैसे नाकारले. त्यांच्या मिस्त्रींनी. रस्त्याने जाताना कुणी थांबून विचारतं, ही सिएरा ना?, आणि तो माणूस दहा मिनिटं गाडीभोवती फिरतो, फोटो काढतो, त्याच्या काकाकडे होती ते सांगतो. ही जी माया होती ती तुम्ही नव्या गाडीसाठी वापरलीत आणि वापरायलाच पाहिजे होती, तो तुमचा हक्क आहे. जावा मोटरसायकलचं पण हेच ना? म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, त्यानंतर वर्षानुवर्षं दर जुलैत जावाचे मालक आपल्या गाड्या घेऊन एकत्र जमत राहिले, आणि २०१८ ला नवी जावा आली तेव्हा तिच्या स्वागताला माणसं आधीच रस्त्यावर उभी होती.

जुनी सिएरा सांभाळणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळतं. इंजिन-गिअरबॉक्सचं फारसं काही अडत नाही, कारण बरंचसं सामान मोबाईल पिकअप, टाटा २०७ पिकअप आणि सुमोशी जुळतं, आणि तुमच्या त्या गाड्या इतक्या गावांत फिरल्यात की कुठल्याही हायवेवरच्या मिस्त्रीला हात लावता येतो. पुण्यात नाना पेठेत गेलं, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलं की काही ना काही हाताला लागतं. अडतं ते अंगावरच्या सामानाचं. मागची काच, तिचं रबर बीडिंग, टेललॅम्प, डॅशबोर्डचं प्लास्टिक, मागच्या दाराच्या बिजागऱ्या. त्यातही काच. ती एक फुटली की मालकाचं अवसान जातं. कुणी अ‍ॅक्रिलिक वळवून बसवतं, कुणी फायबरचा तुकडा लावून त्यावर रंग मारतं, आणि मग ती सिएरा दिसायला सिएरा राहत नाही. एका गाडीची काच मिळावी म्हणून दुसरी चालती गाडी विकत घेऊन तोडलेली मी ऐकलीये. म्हणजे प्रत्येक फुटलेल्या काचेमागे एक सिएरा कमी होते. वीस-पंचवीस वर्षांनी पार्ट बंद होणं हे कुठल्याही कंपनीत होतं, त्याचा राग नाहीये. पण तेव्हा ती एक बंद झालेली जुनी गाडी होती. आता ती तुमच्या नव्या गाडीची आई आहे.

आणि हे जगात कुणी केलं नाही असं नाहीये. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ ला एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स कारचे अख्खे नवे सांगाडे जुन्याच साच्यांतून काढायला सुरुवात केली, एमजीबी बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर. लोकांच्या सडलेल्या गाड्या त्यामुळे परत उभ्या राहिल्या. आणि पुढे गंमत बघा, १९९२ ला रोव्हरला एमजीची स्पोर्ट्स कार परत आणायची होती तेव्हा तोच सांगाडा घेऊन त्यांनी आरव्ही८ काढली, ज्यातल्या बहुतेक गाड्या जपानने विकत घेतल्या. म्हणजे तिथे आधी जुन्यांसाठी पार्ट काढले आणि त्यातून नवी गाडी निघाली. माझदाने २०१७ ला पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ साठी रिस्टोरेशनचा कार्यक्रम सुरू केला, मालकांना विचारून विचारून पार्ट ठरवले, छताचं कापड, लाकडी स्टीअरिंग, इतकंच काय त्या काळातल्या नक्षीचे टायर परत बनवून घेतले. निसानने त्याच वर्षी जुन्या स्कायलाईन जीटी-आरचे पार्ट काढायला घेतले. टोयोटाने सुप्राचे काढले, आणि लँड क्रूझर ४० चे पण. नवी सुप्रा २०१९ ला आली आणि ती बीएमडब्ल्यूसोबत केली म्हणून जुने सुप्रावाले खूप बोलले, पण पाठोपाठ जुन्या सुप्राचे पार्ट परत मिळायला लागले तेव्हा त्यातल्याच कित्येकांचा सूर बदलला. मला वाटतं माणसाचं असंच असतं, आपल्या गाडीला कंपनी विसरलेली नाही एवढं कळलं की नवीकडे तो मोठ्या मनाने बघतो.

यात आपल्याकडे एक अडचण जास्त आहे. सरकारी नियमात ५० वर्षं पूर्ण झालेली गाडीच व्हिंटेज धरतात. पहिल्या सिएरांना ते भाग्य २०४१ ला. तोपर्यंत ती नुसती जुनी डिझेल गाडी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, ग्रीन टॅक्स, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारला री-रजिस्ट्रेशनची फी १०,००० रुपये. प्रदूषणाचा मुद्दा मला मान्य आहे, रोज ऑफिसला सिएरा न्या असं कुणीच म्हणत नाही, महिन्यात चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाड्या आहेत या. पण फिटनेसला गाडी उभी करायची तर काच पाहिजे, दिवे पाहिजेत, बीडिंग पाहिजे. म्हणजे आज ज्या सिएरा आहेत त्यातल्या किती २०४१ बघतील हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

तुमच्याकडे अजून नावं आहेत. इस्टेट आहे, सुमो आहे. सुमोबद्दल तर लोक आत्तापासूनच बोलायला लागलेत आणि ते नाव ज्यांच्यावरून आलं त्या टेल्कोच्या जुन्या प्रमुखांनी, सुमंत मुळगावकरांनी, पिंपरीचा कारखाना उभा करताना आवारात झाडं लावली, तळं केलं, माणसं घडवली, हे इथल्या जुन्या कामगारांच्या घरात अजून अभिमानाने सांगतात. ते नाव कधी काढाल तर गाडी तशी काढा, गावात अकरा माणसं नेणारी, चिखलात न अडणारी, खेड्यातल्या मिस्त्रीला उघडता येणारी. नुसतं नाव नको, एवढंच या बाबतीत.

तर नेमकं काय करावं असं आमच्या डोक्यात आहे ते सांगतो. सगळे पार्ट एकदम नकोत, कुणाची तेवढी अपेक्षाही नाही. सुरुवात मागच्या दोन काचा आणि त्यांच्या बीडिंगपासून करा, डावी आणि उजवी. ड्रॉइंग तुमच्याकडे असतील, नसतील तर चांगल्या अवस्थेतली गाडी मोजमापासाठी आणून उभी करायला मालक तयार आहेत, मामाची गाडी मी स्वतः आणतो, पाहिजे तितके दिवस ठेवा. एकच बॅच काढा. किंमत जी पडेल ती सांगा, लोक आगाऊ पैसे भरतील, कारण चालती गाडी तोडून काच काढण्यापेक्षा ते कधीही परवडतं. तुम्हाला स्वतःला बनवायचं नसेल तर ड्रॉइंग आणि परवानगी द्या, चाकण-भोसरीत असली कामं करणारी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत, एखाद्याला तुमच्या देखरेखीखाली काम देता येईल. टेललॅम्पचं नंतर बघू. आणि जुन्या टीमच्या मुलाखती मात्र याच वर्षी सुरू करा, काचेचं काम वर्षभर लांबलं तर आम्ही थांबू, पण त्यांच्यासाठी थांबता येणार नाही.

कोणाच्या गाड्या चालू आहेत, कोणाच्या काचेविना उभ्या आहेत, कुणाला काय पाहिजे, याची यादी आम्ही मालकांकडून गोळा करून देऊ शकतो. तुमच्याकडून कुठल्या विभागाशी बोलायचं तेवढं जाहीर करा, बाकीची धावपळ आमची.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिंचवडचा एक सिएराप्रेमी